एकसष्ट किलोची कमान

पुणे, १२ नोव्हेंबर १९८०

ती. धोंडीमामा यांस नमस्कार.

पत्र आईचं नसून माझं आहे म्हणजे काहीतरी मागणं आहे, हे तुम्ही पाकीट पाहूनच ओळखलं असेल. तर आढेवेढे घेत नाही.

मागच्या वर्षी मी मनालीला बर्फावरून घसरायला शिकून आले तेव्हा तुम्ही लिहिलं होतं, की घसरायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या विहिरीच्या पायऱ्या काय वाईट होत्या. आता त्याच्या पुढची गोष्ट ऐका. येत्या एप्रिल-मेमध्ये आठ बायकांची तुकडी कुबडा नावाच्या शिखरावर जाणार आहे. उंची सोळा हजार फूट. पायांना स्की म्हणजे लांब लाकडी पट्ट्या बांधायच्या, त्यांच्या खाली कातडं लावून डोंगर चढायचा, माथ्यावर कातडं काढायचं आणि तोच डोंगर घसरत उतरायचा. हे वसंतातच जमतं. तेव्हा बर्फ रात्री गोठून टणक होतो आणि सकाळी वरून थोडा मऊ पडतो. दुपारी तो ढासळतो, त्याआधी खाली यायचं. पुण्यात निवड झाली आणि आठांत माझं नाव आहे. आमच्या प्रमुख नाशिकच्या शैलजा मॅडम आहेत.

अडचण अशी, की संस्थेकडे स्कीच्या पाचच जोड्या आहेत, त्याही लष्करानं टाकून दिलेल्या, सहाफुटी पुरुषांच्या मापाच्या. मी चार फूट अकरा इंच. मागच्या वर्षी वळताना माझीच एक पट्टी माझ्याच दुसऱ्या पट्टीवर चढायची. मॅडमनी सरळ सांगितलंय, ज्यांच्या पायांना स्की नीट चालतील त्या शिखरावर, बाकीच्यांनी खालच्या तंबूत स्वयंपाक करायचा. मला पोळ्या लाटायला हिमालयात जायचं नाही.

तुमच्या दोह्यात सगळं मिळतं असं सगळे म्हणतात. लहान मापाची एक जोडी पाठवाल का?

तुमची भाची
नीता


दोहा, ३० नोव्हेंबर १९८०

चि. नीतास मामाचा आशीर्वाद.

मागितलंस आणि मिळालं असं समज. शुक्रवारी संपतला घेऊन बाजारात गेलो. संपत म्हणजे माझ्या खोलीतला, बार्शीचा, एसी दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीची पिकअप चालवतो. खेळाच्या सामानाचं मोठं दुकान आहे, तिथं रियाज नावाचा कराचीचा माणूस. मी म्हटलं, स्की चाहिये, छोटे कद की लडकी के लिये. त्यानं लगेच काढून दिली. काय वस्तू आहे. लाल रंग, आरशासारखी चकाकी, पाय घालायला रबरी बूट वरच बसवलेले. संपत म्हणाला, ही लावून आपण मुऐदरच्या आपल्या खोलीवरून थेट बार्शीला जाऊ.

अल गराफ्याला ज्यांच्या घरी मी कपाटं केली ते पुण्याचे गिरीशसाहेब पुढच्या आठवड्यात रजेवर येतायत. त्यांच्याबरोबर खोकं पाठवतोय. तू शिखरावर जा, पोळ्या लाटणाऱ्या लाटतील. आईला म्हणावं, पारूताई, काळजी करू नको, पोरीचा मामा अजून कामावर आहे.

धोंडीराम


पुणे, २१ डिसेंबर १९८०

ती. मामांस नमस्कार.

गिरीशसाहेब स्वतः खोकं घेऊन घरी आले. चहा घेतला, तुमच्या कपाटांचं कौतुक केलं. मग आम्ही खोकं उघडलं.

मामा, खोक्यावर चित्र आहे ते तुम्ही पाहिलं होतंत का? एक गोरी बाई पोहायच्या कपड्यांत समुद्रावर उभी आहे आणि पुढे मोटारबोट तिला दोरीनं ओढतेय. या पाण्यावरच्या स्की आहेत. बर्फावरच्या वेगळ्या. आईनं खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय आणि गिरीशसाहेबांना दोनदा विचारलं, की दोह्यात आपल्या बायका असं काही करत नाहीत ना.

मी आधी खूप हसले आणि मग मला रडू आलं, ते लपवत नाही. चूक माझीच. वाळवंटात बर्फाच्या वस्तू मागायच्या हे माझंच डोकं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. गिरीशसाहेब परत जाताना खोकं घेऊन जातील. मी मॅडमना विचारून बघते, संस्थेची एखादी जोडी कापून आखूड करता येते का.

नीता


दोहा, ८ जानेवारी १९८१

चि. नीतास आशीर्वाद.

कापून आखूड करायची नाही. कुणी सुचवलं तर त्याला सांग, माझा मामा सुतार आहे आणि तो असलं काम करणाऱ्याच्या हातून करवत काढून घेतो.

खोकं मिळालं. चित्र मी पाहिलं होतं. मला वाटलं, समुद्राचं चित्र नुसतं शोभेला आहे, आपल्याकडे अगरबत्तीच्या पुड्यावर असतं तसं. रियाजनं हसून वस्तू परत घेतली आणि खलास म्हणाला. संपत अजून हसतोय.

आता ऐक. दुकानात नसेल ते मी करीन. स्की म्हणजे शेवटी लाकूडच ना? तू रडत बसण्यापेक्षा माझ्या प्रश्नांची उत्तरं लिही. पट्टीची लांबी किती, रुंदी किती, जाडी कुठं किती? टोक किती वर वळलेलं? पट्टी जमिनीवर ठेवली की सपाट बसते का मध्ये कमान असते? असेल तर का असते? खालचं कातडं कशाचं? आणि त्याचे केस कुठल्या दिशेला?

लाकडाची सोय झाली आहे. समुद्रकाठच्या समैस्मा गावात महमूद नावाचा म्हातारा आहे, जुना होड्या बांधणारा. तरुणपणी गलबतावरून मुंबईला ये-जा केलेला, हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतो. त्याच्याकडे मोडीत काढलेल्या एका जहाजाची वल्ही पडली आहेत. पांढरं, चिवट लाकूड, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. वाकवलं तर वाकतं आणि सोडलं तर परत येतं. हात लावून पाहिला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

धोंडीमामा


पुणे, २६ जानेवारी १९८१

ती. मामांस नमस्कार.

तुमचे प्रश्न शैलजा मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, या माणसानं कधी बर्फ पाहिला नाही हे खरं वाटत नाही. मापं वेगळ्या कागदावर चित्रासह जोडली आहेत. पायाचा लोखंडी खटका संस्था देणार, टाच मोकळी राहणारा. तुम्ही मधली जागा सपाट ठेवा.

कमान असते. ती का, ते मॅडमनी समजावलं. पट्टी ठेवली की मध्ये उचललेली असते. माणूस वर उभा राहिला की त्याच्या वजनानं ती दबते आणि पूर्ण लांबी बर्फाला टेकते. कमान कमी असेल तर पट्टी मध्येच रुतते. जास्त असेल तर मध्ये टेकतच नाही आणि पायाखालचं कातडं बर्फ धरत नाही. म्हणून ती माणसाच्या वजनाप्रमाणे करावी लागते.

कातडं पूर्वी समुद्रातल्या कुठल्यातरी प्राण्याचं असायचं. बकऱ्याचं चालेल. केस मागच्या बाजूला झुकलेले हवेत. म्हणजे पट्टी पुढे सरकते पण मागे येत नाही.

माझं वजन एक्कावन्न किलो. शिखराच्या दिवशी पाठीवर दहा किलो. एकूण एकसष्ट धरा.

मामा, खरंच जमेल का हो?

नीता


दोहा, २० मार्च १९८१

चि. नीतास आशीर्वाद.

जमेल का हो, असं परत विचारायचं नाही. जमलं आहे.

पहिली जोडी मोडली, दुसरी वाकडी आली, तिसरी तुझी. महमूदनं पत्र्याच्या लांब पेटीत लाकडाला वाफ दिली आणि आम्ही दोघांनी ते साच्यात आवळलं. गलबताच्या फळ्या तो असाच वाकवायचा. मी म्हटलं, चाचा, ये पहाड पे जायेगा. तो म्हणाला, इन्शाल्ला, लेकिन लकडी को क्या मालूम, उसको तो पानीही लगता है. बर्फ म्हणजे पाणीच, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणून होडीला लावतात ते शार्क माशाचं तेल त्यानं खालच्या बाजूला सात वेळा चोळलं. वासाबद्दल आधीच माफी मागतो.

कमान अशी तपासली. पट्टी सपाट फरशीवर ठेवली, मध्ये वाळूची पोती रचली आणि खालून तुझं एअरमेलचं पातळ पत्र सरकवलं. पंचावन्न किलोला पत्र सहज आरपार जात होतं. साठला अडखळलं. एकसष्टला गच्च अडकलं. मग रंधा खाली ठेवला. यापेक्षा नेमकं काम मी कतारमध्ये आल्यापासून केलं नाही, आणि मी इथं सदुसष्ट सालापासून आहे.

उम सैदच्या वाळूच्या टेकड्यांवर संपतला चढवून पाहिलं. कातडं लावून तो उभ्या चढावर मुंगीसारखा गेला. उतरताना पडला आणि दोन दिवस त्याच्या दातांखाली वाळू कचकचत होती, पण पट्टीला काही झालं नाही. वाळू आणि बर्फ एक नाही हे मला कळतं. पण धरतं कसं, ते बघता आलं.

गिरीशसाहेबांच्या ओळखीनं विमानाच्या मालातून पाठवली आहे. कस्टमवाल्यानं विचारलं तर सांग, मामानं केलं आहे. पारूताईला म्हणावं, या वर्षी रजा मिळाली नाही, साहेब नाही म्हणाला. पुढल्या वर्षी येईन.

धोंडीमामा


मनाली, १५ एप्रिल १९८१

ती. मामांस नमस्कार.

हे पत्र लिहायला दोन दिवस हिंमत होत नव्हती.

तुमची जोडी इथं पोचली तेव्हा सगळ्या जमल्या. मॅडमनी बोटांनी कमान दाबून पाहिली, वळलेल्या टोकावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, परदेशातून आणल्यासारखी आहे. तंबूतला मासळीचा वास आणि त्यामागे आलेली तीन कुत्री, हे सोडलं तर सगळं झकास.

परवा सकाळी चाचणी झाली. टणक बर्फाचा चढ, पाठीवर दहा किलो. मामा, कातडं धरतच नाही. दोन पावलं पुढे जाते आणि एक मागे घसरते. उभा चढ लागला की दोन्ही पाय मागे आणि मी तोंडावर. केसांची दिशा बरोबर आहे, कातडं घट्ट आहे, तरीही. चार वेळा प्रयत्न केला. बाकीच्या वर जाऊन माझी वाट बघत उभ्या राहिल्या, ते सगळ्यात वाईट होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घरी केलेल्या वस्तूकडून एवढंच होणार. शिखराचा दिवस सहा मे ठरला आहे. एक मेला शेवटची चाचणी. तोवर काही झालं नाही तर मी खालच्या तंबूत.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बर्फ पाहिलेला नाही, यात तुमचा काय दोष?

नीता


तार
दोहा, २७ एप्रिल १९८१

स्की बरोबर आहे. वजन चूक आहे. खरे वजन आठव. कमी पडेल तितके पाठीवर घे. मामा


मनाली, ९ मे १९८१

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

साष्टांग अशासाठी, की मी तुमची गुन्हेगार आहे. आधी गुन्हा सांगते, मग बाकीचं.

तार मनालीहून बटाट्यांच्या पोत्याबरोबर वर आली. मॅडमच्या हाती पडली, त्यांनीच आधी वाचली आणि मला हाक मारली. सगळ्यांसमोर नाही, तंबूच्या मागे नेलं. म्हणाल्या, "खरं वजन किती, नीता?"

मामा, पुण्याला निवडीच्या वेळी अट होती, पन्नास किलोच्या आत कुणाला घेणार नाही. मी सकाळी चार तांबे पाणी प्यायले, स्वेटरच्या आत कमरेला सायकलची साखळी आणि कुलूप गुंडाळलं, आणि काट्यावर एक्कावन्न भरले. तुम्ही वजन विचारलंत तेव्हा तोच आकडा हातून उतरला. तुम्हाला खरं लिहायचं माझ्या मनातही आलं नाही. एकदा फॉर्मवर लिहिलेला आकडा मलाच खरा वाटायला लागला होता. मी सुताराच्या घरची पोर, आणि सुतारालाच खोटं माप दिलं.

मॅडमना हे सगळं सांगितलं आणि सामान बांधायला निघाले. त्यांनी थांबवलं. खेचरांचं ओझं तोलायचा काटा मागवला आणि मला त्यावर बसवलं. त्रेचाळीस भरले. तुम्ही एकसष्टला केलेल्या कमानीवर मी पाठीवरच्या दहासकट त्रेपन्न किलोची उभी राहत होते. तुमचं ते पातळ पत्र माझ्या पायाखालून आरामात आरपार गेलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "पन्नासची अट मी ओझ्यासाठी घातली होती. एवढ्याशा पोरी ओझं टाकून देतात म्हणून. तुला अठरा किलो घ्यायचंय ना? घे. पण वाटेत त्यातली एक वस्तूही कुणाला दिलीस, तर तिथूनच खाली."

एक मेला दोन्ही दोर, स्टोव्ह, रॉकेलचा डबा आणि औषधांची पेटी घेऊन मी त्याच चढावर उभी राहिले. पहिलं पाऊल टाकलं आणि मागे आले नाही. दुसरं टाकलं. मग मी थांबलेच नाही, मॅडमनी हाक मारेपर्यंत.

सहा तारखेला पहाटे तीनला निघालो, आम्ही सहाजणी. बर्फ लोखंडासारखा, तुमचं बकरं त्यात एकेक केस रोवत होतं. सात वाजेपर्यंत मी सगळ्यांच्या बरोबर होते. मग कुबड्याचं खरं कुबड सुरू झालं. पट्टे खांद्यांत रुतायला लागले. दर वीस पावलांना थांबायचं, असं ठरवलं, मग दर दहा, मग दर पाच. शेवटच्या खिंडीत एकजण माझ्यासाठी थांबली आणि हळूच म्हणाली, एक दोर दे, मॅडम पुढे आहेत, त्यांना दिसणार नाही. खरं सांगते, हात पट्ट्याकडे गेला होता. पण दोर दिला असता तर चार किलो कमी झाले असते आणि पुढचा चढ सगळ्यात उभा होता. पट्टी मागे घसरली असती. मी तिला तसं सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तू आता ओझं टाकूच शकत नाहीस? मी म्हटलं, नाही. आणि मग आम्ही दोघीही हसत सुटलो, त्या उंचीवर हसायला श्वास पुरत नाही तरी.

नऊ चाळीसला माथा आला. मी सहावी. रडले, अगदी हुंदके देऊन, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मॅडमनी स्वतःच्या हातानं माझी पिशवी उतरवली आणि उचलून पाहिली. मग माझा गाल थोपटला.

उतरताना कातडं काढलं. वरचा बोटभर बर्फ मऊ झाला होता, खालचा टणक. मामा, तुमची पट्टी त्यावरून अशी पळाली, की मी तिघींना मागे टाकलं. दोनदा पडले, अठरा किलोसकट. पण अकराच्या आत खाली होते.

मला आता रागवा. मी वाट बघतेय.

नीता


दोहा, २४ मे १९८१

चि. नीतास आशीर्वाद.

रागावतो. तू सांगितलंस म्हणून नाही, मला आलाच आहे म्हणून.

तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा वाटलं, हात गेला आपला. संध्याकाळी त्याच फरशीवर पहिल्या मोडक्या जोडीचा उरलेला तुकडा ठेवून बघत बसलो. मग डोक्यात आलं. लाकूड मी तपासलं, कातडं तपासलं, तेल महमूदनं तपासलं. एकच गोष्ट मी तपासली नव्हती, तू लिहिलेला आकडा. आपल्या माणसाचं माप कोण तपासतं? पण मी तुला पाच वर्षांपूर्वी रानातून उचलून आणलं होतं, पाय मुरगळला तेव्हा. पोतं असो की पोरगी, वजन हातांना कळतं, आणि एक्कावन्न त्यांना पटेना. मी संपतला म्हटलं, यल्ला, गाडी काढ, तार करायची आहे.

सुताराला खोटं माप द्यायचं नाही. हे एकदाच सांगतो. दार अडकलं तर माणूस दार बदलतो. तिथं पाय अडकला असता म्हणजे?

आता माझा गुन्हा. साहेबानं रजा नाकारली नव्हती. मार्चची रजा मंजूर होती, तिकीट होतं. पण महमूदनं तिसरी जोडी वाफेवर चढवली होती आणि ती सोडून यायला पाय निघाला नाही. पारूताईला मी खोटं कळवलं, तुझ्याच हातून. तेव्हा एक तुझं आणि एक माझं. तिला आता दोन्ही सांग.

तुझं पत्र संपतनं खोलीत मोठ्यानं वाचलं. आम्ही अकराजण. खिंडीत तू दोर दिला नाहीस तिथं तो थांबला आणि म्हणाला, पुढचं तुम्हीच वाचा. शुक्रवारी समैस्माला जाऊन महमूदलाही ऐकवलं, हिंदीत. त्यानं परत परत विचारलं, तेल टिकलं का? टिकलं, म्हटलं.

नीता, मी या देशात चौदा वर्षं दारं, चौकटी, कपाटं करतोय. किती केली ते मला आठवतही नाही. बसवून झालं की आम्ही मागच्या बाजूनं बाहेर पडतो आणि गाडीत बसतो. ती दारं उघडतात कशी, पावसात फुगतात का, पोरं त्यांच्यावर लटकतात का, मला कुणी कधी कळवलं नाही. कळवणार तरी कोण. माझ्या हातच्या वस्तूचं पुढे काय झालं, हे पहिल्यांदा तुझ्या पत्रातून कळलं. ते पत्र मी हत्यारांच्या पेटीत ठेवलं आहे.

महमूदकडे अजून दोन वल्ही शिल्लक होती. कालपासून नवी जोडी करायला घेतली आहे. ओझ्याशिवायच्या नुसत्या तुझ्या वजनाची, त्रेचाळीस किलोची.

धोंडीमामा